उशीर हप्त्याहप्त्याने येतो

विमानाला किती उशीर होणार हे कोणीही एकदम सांगत नाही. आधी पन्नास मिनिटं, मग आणखी तासभर, मग ‘पुढील माहिती थोड्याच वेळात’. माणूस एकटा असला तर प्रत्येक सूचनेनंतर घड्याळ बघतो आणि पुन्हा खुर्चीत टेकतो. बरोबर आठ वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या, फार चालू न शकणाऱ्या सासूबाई असल्या की प्रत्येक सूचनेबरोबर हिशेब नव्याने मांडावा लागतो. आता खायचं की नंतर, औषध द्यायचं की थांबायचं, पोरीला झोपू द्यायचं की जागं ठेवायचं. एकरकमी मोठा उशीर परवडतो, पण हा तुकड्यातुकड्यांचा उशीर घराला पार दमवतो. तो आम्ही कसा निभावला हे सविस्तर लिहिते आहे. निघण्याआधी मी बरंच वाचलं होतं, पण ते जवळपास सगळं एकट्यादुकट्या प्रवाशांसाठी लिहिलेलं होतं.

नणंद टोरंटोला असते, तिच्याकडे आम्ही चौघं निघालो होतो. रात्रीच्या विमानाने निघून सकाळी फ्रँकफर्ट आणि तिथून दुपारी १:१० च्या विमानाने टोरंटो असा बेत होता. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घेतली होती. असं असलं की मधलं काही बिनसलं तरी मुक्कामी पोचवायची जबाबदारी विमान कंपनीकडे राहते. तिकिटं वेगवेगळी असली की पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचं काही देणंघेणं नसतं, तिच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. घरातलं वयस्कर माणूस बरोबर असताना चार पैसे वाचवण्यासाठी वेगळी तिकिटं काढू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

फ्रँकफर्टपर्यंत सगळं वेळेवर झालं. व्हीलचेअरचा मदतनीस विमानाच्या दारातच उभा होता. त्याने सासूबाईंना तपासणीतून पार गेटपर्यंत आणलं, साध्या खुर्चीत बसवलं आणि चाकांची खुर्ची घेऊन तो पुढच्या प्रवाशाकडे गेला. ही तिथली पद्धतच आहे आणि ती आधी माहीत असलेली बरी, कारण व्हीलचेअर दिवसभर तुमच्यापाशी राहत नाही. गेट बदलल्याची पाटी लागली की बाकीचे प्रवासी उठून चालू लागतात, आपल्याला मात्र आधी मदतनीस मागवावा लागतो. युरोपात ही मदत देणं विमानतळाचं काम आहे, २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार. त्यामुळे विमान कंपनीच्या काउंटरवर कोणी नसलं तरी विमानतळाच्या मदत केंद्रावर जाऊन सांगता येतं. त्या दिवशी आमचं गेट बदललं आणि नवं गेट बरंच लांब होतं. पाटी दिसताक्षणी नवरा मदत केंद्राकडे गेला आणि मी सासूबाईंपाशी थांबले. मदतनीस यायला चांगला अर्धा तास लागला. तोवर लेकीने तीनदा विचारलं, “आई, आपलं विमान आपल्याला सोडून गेलं तर?” तिला बोर्डिंग पास दाखवला आणि सांगितलं की आपली नावं त्यांच्या यादीत आहेत, आपण आत आलो की नाही हे मोजल्याशिवाय ते दार लावत नाहीत. तिला ते पटलं. मुलांना ‘काही होत नाही’ म्हणण्यापेक्षा यंत्रणा कशी चालते ते सांगितलेलं जास्त धीर देतं.

१:१० चे दोन झाले, दोनाचे तीन, तीनाचे सव्वाचार. लेकीच्या पाठीवरच्या पिशवीत चित्रांची वही होती. कंटाळली म्हणून तिला काम दिलं: पाटीवरची वेळ बदलली की किती वाजता बदलली आणि नवी वेळ काय, हे लिहायचं. काउंटरवरच्या बाईंनी माईकवर काही सांगितलं तर मी तिला मराठीत सांगायचे, ते तिने लिहायचं. पुढचे दहा-बारा तास तिने हे काम मन लावून केलं. ‘४ वाजून ५ मिनिटे. आता या म्हणाले.’ ‘६ वाजून १५. उतरा म्हणाले. ब्रेकचा सेन्सर.’ मुलीला गुंतवणं एवढाच त्या वेळी हेतू होता, पण हीच वही पुढे फार उपयोगी पडली.

सासूबाईंच्या इन्सुलिनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण उशिरात खरा धोका तिथे असतो. त्या दिवसातून दोनदा, जेवणाआधी, पेनने इन्सुलिन घेतात. पश्चिमेकडे उडताना दिवस लांबत जातो. त्यामुळे डॉक्टरांनी घड्याळातल्या वेळा न देता दोन डोसमध्ये किती तासांचं अंतर हवं ते लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी इंग्रजीत, शिक्क्यासह, औषधांच्या पिशवीतच होती. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत कधीही द्यायचं नाही, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं. शंभर मिलिलिटरची मर्यादा औषधांना लागू होत नाही, चिठ्ठी दाखवली की तपासणीत सोडतात. वापरात असलेलं पेन साध्या खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं. शिल्लक पेनं मात्र थंड लागतात. आम्ही पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी घेतली होती. तिला फ्रीज लागत नाही की बर्फ लागत नाही, नळाचं पाणी पुरतं. उशीर वाढला तेव्हा स्वच्छतागृहातल्या नळाखाली ती पुन्हा भिजवली आणि विषय संपला.

डॉक्टरांनी आणखी एक नियम घालून दिला होता: खाणं समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास अखेर विमानात बसलो. दार लागलं, पट्टे आवळले. हवाई सुंदरी जाताना म्हणाली की उड्डाणानंतर लगेच जेवण येईल. सासूबाईंनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आई, ट्रे येऊ दे.” त्यांनी टोपण परत लावलं. विमान जागचं हललंच नाही. सव्वा तासाने पायलटने सांगितलं की ब्रेकच्या यंत्रणेतला एक सेन्सर बदलावा लागणार आहे आणि सगळ्यांनी उतरायचं आहे. तोवर त्यांनी इन्सुलिन घेतलं असतं तर जेवण नाही, साखर खाली चाललेली आणि पुढे चारशे माणसांचा उतरायचा गोंधळ, अशी वेळ आली असती. ज्यांच्या घरी इन्सुलिन घेणारं कोणी आहे त्यांना हा एक नियम मी हात जोडून सांगेन.

उतरल्यावर खरी धावपळ सुरू झाली. काउंटरसमोर बघता बघता लांबच लांब रांग लागली. आम्ही तिथल्या तिथे कामं वाटून घेतली. नवरा रांगेत उभा राहिला. मी एका कोपऱ्यात सासूबाई आणि लेकीला बसवलं, साखर मोजली, ती ठीक होती. मग फोन हातात घेतला. विमान कंपनीच्या हेल्पलाइनला प्रत्येक देशात वेगळा नंबर असतो. ज्या देशात गोंधळ झालाय तिथला नंबर लागत नाही, पण दुसऱ्या देशातला बऱ्याचदा लवकर लागतो, आणि बुकिंग सगळ्यांना एकच दिसतं. विमानतळाच्या फुकट वायफायवरून मी दुसऱ्या देशातल्या नंबरवर फोन लावला आणि नवरा रांगेत निम्म्यावर असतानाच माझं बोलणं सुरू झालं.

दरम्यान ॲपवर आपोआप एक पर्याय आला होता: दुसऱ्या दिवशी शिकागोमार्गे टोरंटो. खाली हिरवं ‘स्वीकारा’चं बटण. आजूबाजूला दोघा-तिघांनी ते दाबलंही. आमच्यासाठी ते बटण बंद दार होतं. अमेरिकेतून फक्त विमान बदलून पुढे जायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिथे देशात प्रवेश न करता नुसतं ट्रान्झिट करायची सोय नाही. पर्याय शोधणाऱ्या संगणकाला आपल्या व्हिशाचं काही माहीत नसतं. त्याला फक्त रिकाम्या जागा दिसतात. म्हणून आपोआप आलेला कुठलाही मार्ग स्वीकारण्याआधी मधल्या प्रत्येक विमानतळाचा नियम बघायला हवा.

युरोपातल्या दुसऱ्या शहरामार्गे जायचं म्हटलं तरी हाच अडसर होता. आमच्याकडे कॅनडाचा व्हिसा होता, त्यामुळे फ्रँकफर्टच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट भागात थांबायला वेगळा व्हिसा लागत नव्हता. पण फ्रँकफर्टहून पॅरिस किंवा झुरिक हा शेंगेनच्या, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतला प्रवास. तो करायचा तर आधी शेंगेनमध्ये प्रवेश करावा लागतो आणि त्याला शेंगेन व्हिसा हवा. म्हणजे आमच्या उपयोगाचे मार्ग दोनच: थेट टोरंटो, किंवा शेंगेनच्या बाहेरच्या एखाद्या विमानतळावरून. फोनवरच्या मुलीला मी हे एका दमात सांगितलं. तिने बिचारीने शांतपणे शोधून सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनमार्गे जागा आहेत, पण दोनच. बाकी दोघांना त्याच दिवशी दुपारनंतर.

इथे आमच्या कुटुंबाचा खरा निर्णय होता. आमचं मूळ विमान अजून रद्द झालेलं नव्हतं, नवी वेळ साडेआठ दाखवत होते, पण तिच्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. नवरा रांगेतून फोनवर होता, मी दुसऱ्या फोनवर हेल्पलाइन धरून ठेवली होती. सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, तू पोरीला घेऊन पुढं हो. मी आणि तो येतो मागनं. माझ्यापायी लेकरू कशाला ताटकळवता?” त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं. मोह मलाही झाला, कारण लेक पार पेंगुळली होती.

पण विचार केला तर चौघांतून दोन जोड्या करणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. बॅगा चौघांच्या मिळून चेक-इन झालेल्या. लंडनचं पुढचं विमान चुकलं तर एक मोठं माणूस आणि एक मूल तिसऱ्याच विमानतळावर. इकडे आईंना स्वच्छतागृहात न्यायचं तर नवरा फक्त दारापर्यंत जाऊ शकणार. आणि नवी जागा स्वीकारली की जुनी सुटते. मूळ विमान रात्री खरंच उडालं असतं तर त्यावर परत हक्क नव्हता. आम्ही एकच कसोटी लावली: रात्री दोन वाजता अडचण आली तर या जोडीतल्या एकट्या मोठ्या माणसाला ती निभावता येईल का? दोन्ही जोड्यांना उत्तर नाही असं आलं. म्हणून नकार दिला. सासूबाईंना मी सांगितलं, “तुमच्यापायी नाही आई, माझ्यापायी. मला एकटीला हे जमणार नाही.” ते खरंही होतं. दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर वेगळं येऊ शकेल, पण निर्णय लवकर पोचायच्या हिशेबावर नाही, तर सर्वांत वाईट तासाच्या हिशेबावर घ्यावा असं मला अजूनही वाटतं.

रांगेत आमच्यामागे एक तरुण आई होती, एकटी, कडेवर तान्हं बाळ. डायपर संपत आले होते आणि बाकीचे सामानाच्या बॅगेत होते. रांगेतल्या बायकांनी तिची जागा धरली, एकीने आपल्या बाळाचे चार-पाच डायपर दिले. ती परत येईपर्यंत तिची बॅग माझ्या लेकीने सांभाळली आणि वहीत तेही लिहिलं.

नणंद टोरंटोहून सतत संपर्कात होती आणि तिची खूप मदत झाली. लांब बसलेल्या माणसाचं डोकं शांत असतं, इंटरनेट चांगलं असतं. तिला आम्ही एकच काम दिलं होतं, माहिती काढायचं. साडेआठची वेळ उलटून सव्वादहा झाली तेव्हा तिचा फोन आला: “वहिनी, दोन गोष्टी बघा. एक, या क्रूचे तास संपत आले असतील. दुसरं, फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच उड्डाणं बंद असतात. अकराच्या आत निघालं नाही तर सकाळशिवाय निघत नाही.”

दोन्ही गोष्टी अगदी बरोबर होत्या. पायलट आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीच्या तासांना कायद्याने मर्यादा असते, आणि ते तास विमान उडाल्यापासून नाही, तर ते कामावर हजर झाल्यापासून मोजतात. दुपारपासून आमच्याबरोबर ताटकळलेल्या क्रूला पुढे नऊ तासांच्या आसपासचं उड्डाण करायला वेळच उरला नव्हता. विमान दुरुस्त झालं होतं, पण नवा क्रू बोलवावा लागला होता. आणि रात्रीची बंदी ही विमानतळाजवळ राहणाऱ्या लोकांच्या झोपेसाठी आहे. चौथी धावपट्टी सुरू झाली त्याच सुमारास, २०११ मध्ये, ती लागू झाली आणि २०१२ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ती कायम ठेवली. उशीर झालेल्या विमानाला अकरानंतर थोडी सवलत मिळू शकते, पण त्यासाठी खास परवानगी लागते. आमच्यासाठी बंदी त्रासाची ठरली, तरी तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. रोज रात्री डोक्यावरून विमानं जाणाऱ्या घरातल्या मुलांनाही झोप हवीच.

या माहितीने आम्हाला अर्ध्या तासाची आघाडी मिळाली. बाकी प्रवासी सव्वादहाच्या आशेवर गेटसमोर उभे होते. आम्ही रात्र काढायच्या तयारीला लागलो. नवऱ्याने काउंटरवर जाऊन स्पष्ट विचारलं: रात्र इथेच काढावी लागली तर शेंगेन व्हिसा नसलेल्यांची सोय काय? कळलं की ज्यांना जर्मनीत प्रवेश करता येतो त्यांना बसने बाहेरच्या हॉटेलात नेणार. बाकीच्यांना ट्रान्झिट भागात खाटा आणि पांघरुणं मिळणार. ट्रान्झिटमध्ये आत एक छोटं हॉटेल आहे, पण खोल्या थोड्या. अपवाद म्हणून सीमेवर व्हिसा द्यायचा अधिकार सीमा पोलिसांना असतो. आम्ही मात्र त्या मार्गाला गेलो नाही. रात्री आईंना त्या रांगेत न्यायचं, मग बस, मग पहाटे पुन्हा सगळी तपासणी, हे चार तासांच्या झोपेसाठी परवडणारं नव्हतं.

त्याऐवजी आम्ही आतली खोली मागितली. प्रवाशांच्या हक्कांचा युरोपचा नियम २००४ चा, २६१ क्रमांकाचा. त्यात लिहिलंय की चालण्याफिरण्यास अडचण असलेल्या प्रवाशांना, त्यांच्या सोबत्यांना आणि एकट्या प्रवास करणाऱ्या मुलांना प्राधान्य द्यायचं. नवऱ्याने आवाज न चढवता हे सांगितलं, व्हीलचेअरची नोंद बोर्डिंग पासवर होतीच ती दाखवली, इन्सुलिनची चिठ्ठी दाखवली. अकराला दहा मिनिटं असताना विमान सकाळी साडेनऊवर गेल्याची घोषणा झाली आणि पुन्हा रांग लागली, तेव्हा एका खोलीची चिठ्ठी आमच्या हातात होती. त्या तरुण आईचं नावही त्याने काउंटरवर सांगितलं. तिलाही खोली मिळाली.

खोलीत आजी-नात झोपल्या. आम्ही दोघं बाहेर, हिरव्या कापडाच्या घडीच्या खाटांवर आळीपाळीने लवंडलो. अशा रात्री जेवढी झोप लागेल तेवढी लागते, पण काही गोष्टींनी फरक पडला. पाठीवरच्या एका पिशवीत चौघांचे एकेक जोड कपडे, सासूबाईंची दोन दिवसांची औषधं, दात घासायचं सामान आणि मोजे होते. चढवलेल्या बॅगा रात्री परत मिळत नाहीत, त्या विमानातच किंवा विमानतळाच्या ताब्यात राहतात. चारपैकी एक फोन आम्ही दिवसभर मुद्दाम बंद ठेवला होता, तो शंभर टक्के चार्ज होता. जेवणाची कुपन्स रात्री मिळाली. साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर होणार असला की खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. पण ती गेटवर आपोआप कोणी वाटत नाही, मागावी लागतात. मागायला संकोच करू नये. आई चांगल्या तीन तास काही न खाता बसल्या होत्या आणि कोणी विचारायला आलं नव्हतं, याचा राग मला आजही आहे.

सकाळी विमान निघालं. टोरंटोला उतरायला मूळ वेळेपेक्षा वीस तासांहून जास्त उशीर झाला. विमानाचं दार उघडलं ती वेळ लेकीने माझ्या सांगण्यावरून लिहून ठेवली. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून दिलंय की पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची नाही, दार उघडल्याची.

चार बॅगांतली एक आली नाही. पट्ट्यावर शेवटची बॅग फिरून गेल्यावर तिथल्याच सामानाच्या काउंटरवर तक्रार लिहून दिली आणि तिचा नंबर घेतला. ही तक्रार न देता विमानतळाबाहेर पडू नये, नंतर सिद्ध करणं अवघड जातं. बॅग पुढे घरपोच आली. मधल्या काळात घ्यावे लागलेले कपडे आणि औषधांच्या पावत्या ठेवल्या होत्या, तो खर्च मिळाला. उशिरा मिळालेल्या सामानाबद्दलची लेखी मागणी बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते, हा माँट्रियल कराराचा नियम भारत, कॅनडा, युरोप सगळीकडे सारखा आहे.

राहिली नुकसानभरपाई. २६१ च्या नियमाचा मूळ मजकूर वाचला तर भरपाई फक्त विमान रद्द झाल्यास आहे असं वाटतं. उशीर झालेल्यांना ती मिळते ते २००९ च्या नोव्हेंबरमधल्या युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे. तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलेल्यांनाही रद्द झालेल्या विमानाच्या प्रवाशांसारखीच भरपाई द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. तो दावा ज्यांनी लढवला त्यांत एक कुटुंब होतं आणि त्यांचा मार्गही आमचाच, फक्त उलटा: टोरंटोहून फ्रँकफर्टला ते सुमारे २५ तास उशिरा पोचले होते. हे वाचलं तेव्हा मला फार कृतज्ञ वाटलं. २००५ मध्ये ते थकून घरी पोचले आणि गप्प बसले नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांना आज मागता येतं.

विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं असलं की कंपनी कुठल्याही देशाची असो, हा नियम लागू होतो. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ६०० युरो, तिकीट काढलेल्या मुलांनाही तेवढेच. कंपनीला सुटका फक्त ‘असाधारण परिस्थिती’ असेल तरच: वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप वगैरे. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड त्यात बसत नाही, हा २००८ चा निकाल आहे. कॅनडाचेही २०१९ पासून स्वतःचे नियम आहेत, पण एकाच उशिरासाठी दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. आम्ही युरोपचा मार्ग धरला.

दाव्याची कामं करून देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा त्या ठेवतात. आम्ही अर्ज स्वतःच केला, विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या फॉर्मवर. चौघांचे बोर्डिंग पास, काउंटरवरून मागून घेतलेला उशिराच्या कारणाचा अर्ध्या पानाचा कागद आणि लेकीच्या वहीच्या पानांचे फोटो जोडले. आधी उत्तर आलं की उशीर ‘परिचालनविषयक कारणांमुळे’ झाला, सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासाचं कुपन देतो. आम्ही कुपन नाकारलं. नियमाप्रमाणे प्रवाशाची लेखी संमती असल्याशिवाय पैशांऐवजी कुपन देता येत नाही. मग दुसऱ्या पत्रात त्यांनी रात्रीच्या बंदीला असाधारण परिस्थिती म्हटलं. इथे वही कामाला आली. सव्वासहाला ‘ब्रेकचा सेन्सर’ म्हणून आम्हाला उतरवलं होतं, तेव्हा अकराला पावणेपाच तास होते. बंदीपर्यंत विमान पोचलं ते बिघाडामुळे, बंदीमुळे बिघाड झाला नव्हता. हे वेळा देऊन, मुद्देसूद, एका पानात लिहिलं. शेवटी एवढंच म्हटलं की उत्तर न आल्यास जर्मनीतल्या मध्यस्थी संस्थेकडे जाऊ. प्रवाशांसाठी ती सेवा मोफत आहे.

बरेच आठवडे काहीच आलं नाही. मग तिघा मोठ्यांचे पैसे एकदम जमा झाले. लेकीचे अडकले, कारण ती अल्पवयीन आणि खातं माझ्या नावावर. कंपनीने जन्मदाखल्याची प्रत आणि दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्र मागवलं. ते पाठवल्यावर तेही आले. नवऱ्याने तिच्या नावाने बँकेत खातं उघडलं आणि पूर्ण रक्कम त्यात टाकली.